आम्ही मालक नव्हे, कारभारी

(शास्त्रवाचन : लूक १६:१–१२, मत्तय २५:१४–३०, १ करिंथ ४:१–२, १ पेत्र ४:१०)



‘कारभारी’ हा शब्द आपणांपैकी कोणासही नवा नाही. आपल्या नागपूर प्रांतातील वडील माणसे मालगुजारीच्या दिवसांच्या गोष्टी सांगत असत. मालगुजार पुष्कळदा शहरात राहावयाचा आणि गावचा वसूल, कोठीतील धान्य, गोठ्यातील जनावरे हे सर्व कारभाऱ्याच्या हातून चालावयाचे. कारभाऱ्याचा रुबाब मोठा असे. लोक त्याला रामराम करीत, त्याच्या दारी खेपा घालीत. परंतु त्या कोठीतील एक पायली जोंधळाही त्याचा स्वतःचा नव्हता. ज्या दिवशी मालक येऊन वही मागे, त्या दिवशी तो रुबाब कामास येत नसे. वही कामास येत असे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. तथापि सालदाराची रीत आपण जाणतोच. गुढीपाडव्याला साल ठरते आणि पुढल्या पाडव्याला हिशेब होतो. मधल्या बारा महिन्यांत बैल, नांगर, बी-बियाणे ही सर्व सालदाराच्या हाती असतात, पण ती त्याची नसतात.

प्रेषित पौल म्हणतो की, आम्हांस ख्रिस्ताचे सेवक व देवाच्या गूढ गोष्टींचे कारभारी असे समजावे. आणि कारभाऱ्याच्या ठायी एकच गुण शोधला जातो, तो म्हणजे विश्वासूपणा. तो विद्वान असावा, श्रीमंत असावा किंवा त्याचे वक्तृत्व उत्तम असावे, असे पौलाने म्हटले नाही. आणि पेत्राने तर हे काम एकट्या पाळकावर किंवा उपदेशकावर टाकलेले नाही. प्रत्येकाला काही ना काही कृपादान मिळाले आहे आणि प्रत्येकाने ते दुसऱ्याच्या सेवेसाठी लावावे, असे तो शिकवतो. यास्तव आज आपण तीन गोष्टींचा विचार करू. आपल्या स्वाधीन काय केलेले आहे? ते आपण कोणत्या हातांनी हाताळतो? आणि आपल्या मंडळीचा कारभार कसा चालला आहे?

पहिली गोष्ट. शुभवर्तमान ही आपली मिळकत नव्हे, आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे.

ज्यांच्या शेतांवरून नागपूर–राजनांदगावचा लोहमार्ग जातो, त्यांनी ही गोष्ट विशेष लक्ष देऊन वाचावी. १८९३ साली त्या गाडीने एक ब्राह्मण कवी प्रवास करीत होते. त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले होते आणि आता राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी ते निघाले होते. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. त्यांनी आदराने बोलणे सुरू केले. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती एक नवा करार दिला. हे वाचीत राहाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असेही ते बोलले. टिळकांना ते भाकीत चमत्कारिक वाटले. परंतु पुस्तक वाचू, असे वचन त्यांनी दिले होते, आणि दिलेले वचन त्यांनी पाळले. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि मग ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढची हकिकत आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या कवितांनी आपल्या उपासनेला मराठी गळा दिला. १९१२ सालापासून मरेपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादक होते. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. आज एखाद्या रविवारी आपण टिळकांचे पद म्हणतो तेव्हा त्या आगगाडीतील गृहस्थांचे आपणांस स्मरण होते काय? टिळकांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. त्या गृहस्थांचे नाव आपल्या मंडळ्यांतून क्वचितच ऐकू येते. त्यांनी काय केले? त्यांनी व्याख्यान झोडले नाही, वाद घातला नाही, नोकरीचे वा पैशाचे आमिष दाखविले नाही. उलट ख्रिस्ती झाल्याने टिळकांचे जे गेले ते फार मोठे होते. आप्त दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाई यांच्याशी काही वर्षे ताटातूट झाली. त्या गृहस्थांनी फक्त एवढेच केले की, आपल्याजवळ जे होते ते शेजारी बसलेल्या मनुष्याला प्रेमाने दिले आणि ते आपल्या वाटेने गेले.

यावर कोणी म्हणेल, “त्यांना टिळक भेटले, आम्हांला कोण भेटणार?” बंधूंनो, येथेच आपली चूक होते. टिळक पुढे कोण होणार, हे त्या दिवशी त्या डब्यात कोणास ठाऊक होते? आणि समजा, टिळकांनी ते पुस्तक गोंदियाच्या अलीकडेच खिडकीबाहेर टाकले असते, तर देणाऱ्याचा विश्वासूपणा कमी झाला असता काय? मुळीच नाही. पेरणाऱ्याने पेरावे, पाऊस त्याच्या हाती नाही. मृगाच्या सरी येतील की नाही या शंकेने ज्या शेतकऱ्याने बियाणे कणगीतच ठेवले, त्याचे बियाणे सुरक्षित राहते खरे, पण त्याला किडा लागतो. ज्या दासाने आपल्या धन्याचे रुपये भूमीत पुरून ठेवले, त्याने एक पैसाही चोरला नव्हता. धन्याला त्याने सर्व परत दिले. तरीही धन्याने त्याला वाईट व आळशी दास म्हटले. कारण ते द्रव्य जपून ठेवण्यासाठी दिलेले नव्हते, कामास लावण्यासाठी दिलेले होते.

आपणांपैकी किती जणांच्या पिशवीत आज नवा करार आहे? आणि मोटारीत, आगगाडीत, दवाखान्याच्या बाकावर, बाजाराच्या वाटेवर शेजारी बसलेल्या मनुष्याने “तुम्ही कोणत्या देवाला मानता?” असे सरळ विचारले असता आपण काय उत्तर देतो? पेत्र म्हणतो की, आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्या. सौम्यता म्हणजे मौन नव्हे, आणि आदर म्हणजे भीती नव्हे. कोणावर दडपण आणू नये, कोणाच्या देवाची निंदा करू नये, गरिबाच्या पोटाची भूक पाहून त्याच्या श्रद्धेचा सौदा करू नये. परंतु विचारणाऱ्याला उपाशी परत पाठवू नये.

दुसरी गोष्ट. जी साक्ष तोंड देते, ती हातांनी खोडून काढू नये.

येथे आम्ही आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांस आजही लाज वाटते; पण पाळकाने मंडळीपुढे फक्त दुसऱ्यांची पापे मोजावीत हे बरे नव्हे. सेमिनरीतून बाहेर पडून आम्ही पहिल्यानेच एका खेड्यात कामास लागलो, त्या वेळची ही हकिकत आहे. आमच्या पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आम्ही ऐपतीपलीकडे जेवण घातले. गहू, गूळ, तेल व डाळ हे सर्व गावच्या दुकानातून उधारीवर आणले. पगार आला आणि गेला. दुकानदाराची बाकी तशीच राहिली. पुढे एका बाजाराच्या दिवशी आम्ही झाडाखाली उभे राहून जक्कयाची गोष्ट सांगितली. त्याने ज्यांचे अन्यायाने घेतले होते, त्यांचे चौपट परत देण्याचे कबूल केले, हा भाग आम्ही मोठ्या आवेशाने रंगवला. लोक पांगल्यावर तो दुकानदार जवळ आला. त्याने आवाज चढविला नाही, चार माणसे गोळा केली नाहीत. तो हळूच म्हणाला, “मास्तर, त्या जक्कयाने चौपट दिले म्हणता. आमचे एकपट केव्हा येईल?”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्ही ते बोलणे घरी सांगितले. आमच्या पत्नीने चूल सारवता सारवता एवढेच म्हटले, “त्याचे देईपर्यंत त्या झाडाखाली उभे राहू नका.” चार महिने आम्ही त्या बाजारात उपदेश केला नाही. घरात भाकरी, तिखट आणि आंबाडीची भाजी यांवर दिवस काढले. चौथ्या महिन्यात शेवटचे रुपये घेऊन आम्ही दुकानात गेलो. त्याने वही काढली, आमच्या नावावर आडवी रेघ ओढली आणि पोते सरकवून आम्हांस बसावयास जागा केली. मग त्याने विचारले, “मास्तर, ती जक्कयाची गोष्ट कोणत्या पानावर आहे?”

तो दुकानदार ख्रिस्ती झाला काय, असे आम्हांस पुष्कळ वेळा विचारण्यात येते. झाला नाही, निदान आमच्या माहितीत तरी नाही. तो प्रश्न देवाचा व त्याचा आहे. परंतु आम्हांस हे कळले की, चार महिन्यांपूर्वी त्या गावात शुभवर्तमानाच्या वाटेत एक धोंडा पडला होता आणि तो धोंडा आम्हीच होतो.

बंधुभगिनींनो, आपल्या गावातील पुष्कळांनी मत्तयाचे शुभवर्तमान कधी उघडलेले नाही. ते आपली वही वाचतात. कापूस विकताना आपण त्यावर पाणी मारतो काय, हे ते पाहतात. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेल्यावर मालक पाठमोरा होताच आपला विळा थांबतो काय, हे ते पाहतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपला मनुष्य दारू पिऊन रस्त्यात पडला आहे काय, आणि घरी त्याची बायको रडत आहे काय, हे ते पाहतात. सोसायटीचे कर्ज, शेजाऱ्याचा बांध, भावाचा वाटा, विधवा भावजयीचा हक्क, हे सर्व ते पाहतात. लूकाच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की, जो थोडक्यात विश्वासू नाही तो पुष्कळातही विश्वासू राहणार नाही. आणि परक्याच्या मालात जो अविश्वासू ठरला, त्याला स्वतःचे म्हणून कोण देईल? आपण मोठ्या गोष्टींची वाट पाहत बसतो. प्रभू पायलीपासून आरंभ करतो.

म्हणजे काय, निष्पाप झाल्यावाचून कोणी साक्ष देऊ नये? असे झाले तर सर्वांचीच तोंडे बंद होतील. आमचे म्हणणे एवढेच की, चूक झाली तर ती दडवू नये, फेडावी. जक्कय निर्दोष होता म्हणून त्याची साक्ष यरीहोत गाजली नाही. त्याने परत देण्यासाठी हात पुढे केला म्हणून गाजली.

तिसरी गोष्ट. मंडळीला दिलेल्या देणग्या आणि मंडळीचा कारभार.

देवाची देणगी एकाच जातीची नसते. स्टीफन हिस्लॉप यांचे नाव नागपुरात कोणाला ठाऊक नाही? स्कॉटलंडहून ते १८४५ साली येथे आले, तेव्हा नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा चालविली, उपदेश केला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. देवाने त्यांस शोधक बुद्धी दिली होती, तीही त्यांनी कामास लावली. आपल्या मुलखातील खडक, दगडांत उमटलेली प्राचीन प्राण्यांची व वनस्पतींची चिन्हे, गोंड बांधवांची भाषा व चालीरीती यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. ज्यांच्याकडे कोणी माणूस म्हणून पाहत नव्हते, त्यांचे शब्द त्यांनी आदराने टिपून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले असता परतीच्या वाटेवर नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. वय होते पंचेचाळीस. त्यांचे अपुरे लिखाण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले, आणि १८८३ साली निघालेल्या महाविद्यालयास त्यांचे नाव मिळाले. आम्हीही आज जवळजवळ त्याच वयाचे आहोत. आज रात्री पूर आला तर आमच्या वहीत काय सापडेल, हा विचार मनात येतो आणि आम्ही स्तब्ध होतो.

कोणी म्हणेल, हे विद्वानांचे झाले. तर मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. लहानपणी त्यांस शाळा मिळाली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पतीने आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. पतीच्या मागे ते त्यांनीच पुढे चालविले. आणि ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी आपल्या घरची हकिकत इतक्या सरळपणे सांगितली की, ख्रिस्ती नसलेली हजारो घरेही ती प्रेमाने वाचतात. आपल्या मंडळीतील ज्या भगिनी म्हणतात, “मला काय येते?”, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. एकीला गाता येते, एकीला बाळंतिणीची सेवा करता येते, एकीला चार पोरे जमवून पवित्र शास्त्रातील गोष्ट सांगता येते. ही सर्व धन्याची रुपये-नाणी आहेत.

आता मंडळीच्या कारभाराविषयी दोन शब्द. एके काळी देऊळघराचे छप्पर गळू लागले की मिशनला पत्र जात असे. उपदेशकाचा पगार मिशन देई, शाळेच्या पाट्या मिशन देई. त्या उपकारांविषयी आपण कृतज्ञ असावे. पण त्यातून एक वाईट सवयही लागली. मंडळी आपली नव्हे, मिशनची आहे असे आपणांस वाटू लागले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच नागपूर शहरात ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्या दिवशी ऐक्याबरोबर जबाबदारीही आपल्या घरी आली. तरीही काही गावांतून आजही छप्पर गळते आणि लोक पत्राच्या उत्तराची वाट पाहतात.

आम्हांस ठाऊक असलेल्या एका लहानशा मंडळीत स्त्रिया दररोज स्वयंपाकाआधी धान्याची एक मूठ निराळ्या मडक्यात टाकतात आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मडकी वेदीपुढे आणून ठेवतात. मूठ लहान दिसते. परंतु ती ज्या घरातून निघते त्या घरात त्या दिवशी देवाची आठवण भुकेच्या आधी झालेली असते. मार्काच्या बाराव्या अध्यायातील विधवेच्या दोन टोल्यांकडे प्रभूने किमतीच्या दृष्टीने पाहिले नाही. मागे काय उरले, हे पाहिले. तेव्हा देणारे थोडे असोत, देणे थोडे असो. पण ते आपले असावे.

आणि देणाऱ्यांइतकेच घेणाऱ्यांनी जपावे. पंचांनो व खजिनदारांनो, दर तीन महिन्यांनी जमाखर्च सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवा. वही देवघराच्या मेजावर ठेवा, कोणाच्या पेटीत नव्हे. ज्या बाईने मूठभर तांदूळ आणले, तिला त्या तांदळाचे काय झाले हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. तिने विचारले तर रागावू नका. मंडळीची जमीन आपल्या वाडवडिलांची नव्हे, आणि आपल्या पोरांची तर मुळीच नव्हे. ती विकून किंवा अडकवून घर बांधणारा मनुष्य धन्याच्या शेतातील कुंपण तोडून सरपण करतो.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस आमचे विशेष सांगणे आहे. महिनाअखेरच्या अहवालात किती गावे फिरलो, किती सभा घेतल्या, किती पुस्तके वाटली हे आकडे आपण लिहितो. आकडे लिहावेत, पण खरे लिहावेत. न फिरलेल्या गावाचे नाव अहवालात लिहिणारा मनुष्य सत्याच्या सेवेत खोटे वापरतो, आणि असले काम प्रभू स्वीकारीत नाही. एकाच गावी गेला असाल तर एकच लिहा. त्या गावी एका आजाऱ्याजवळ दोन घटका बसला असाल, तर तेही धन्याच्या वहीत आहे, मग आमच्या वहीत त्यासाठी रकाना नसला तरी.

शेवटी, प्रिय जनहो, या आठवड्यासाठी प्रत्येक घराने तीन गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवितो. एक, ज्याचे देणे राहिले आहे अशा एका मनुष्याकडे जाऊन ते फेडावे. सर्व फेडता येत नसेल तर तोंड चुकवू नये, आरंभ करावा. दोन, आपण ख्रिस्ती का आहोत हे ज्याला ठाऊक नाही अशा एका शेजाऱ्याला, त्याचे सुखदुःख आधी विचारून, आपल्या तारणाऱ्याविषयी चार साधे शब्द सांगावेत. तीन, चुलीजवळ एक मडके ठेवावे.

हे फार थोडके आहे, असे कोणास वाटेल. होय, थोडकेच आहे. धन्याने थोडक्याविषयीच विचारणार असे सांगितले आहे. त्याचा पाडवा कोणत्या दिवशी येईल हे आपणांस माहीत नाही. पण तो येईल, आणि तो येतो तेव्हा दटावण्यासाठीच येतो असे समजू नका. ज्या दासांनी कामास आरंभ केला होता, त्यांस त्याने आपल्या आनंदात बोलावले. त्याच्या घरी जागा आहे. आपली वही घेऊन आपण निर्भयपणे त्याच्यापुढे उभे राहावे, आणि जेथे बाकी उरली असेल तेथे त्याच्या पुत्राच्या रक्ताने रेघ ओढली जावी, यासाठी आजच प्रार्थना करू.

हे आमच्या स्वर्गीय बापा, जे काही आमच्या हाती आहे ते तुझे आहे. आम्ही ते आपले म्हणून वागलो, याची आम्हांस क्षमा कर. आमच्या तोंडाला धैर्य दे, आमच्या हातांना सचोटी दे, आमच्या मंडळ्यांना उदारपणा दे. आणि तू येशील तेव्हा आम्ही कामावर सापडू असे कर. हे आम्ही येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या नावाने मागतो. आमेन.